दवाखान्यापुरती सून

लोणी भापकरला ओढ्याच्या पलीकडे द्वारकाबाईंचं घर आहे. दोन खोल्या, पुढं पडवी, पडवीला लागून म्हशीचा गोठा. यजमान संभाजीराव जाऊन बरीच वर्षं झाली. जमीन शेजारच्या सर्जेरावांकडे वाट्यानं दिलेली. त्यात ते वांगी, गवार, पाणी असेल त्या वर्षी कांदा करतात. एकुलता एक मुलगा दिग्विजय पुण्याला, वाघोलीत. सून सोनल बँकेत नोकरीला, नात छकुली शाळेत. द्वारकाबाईंच्या वाट्याला राहिली ती म्हैस, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा दिवस.

मुलाशी भांडण नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण म्हातारी एकटी राहते म्हटलं की लोक लगेच सुनेकडे बघतात. सोनल कधी वाकडा शब्द बोलली नाही. दिग्विजय दर रविवारी फोन करायचा, दिवाळीला सगळे यायचे. द्वारकाबाई एकदोनदा वाघोलीला राहूनही आल्या. तिथं दिवसभर दार लावून बसायचं, लिफ्टमध्ये कोणी ओळख दाखवायचं नाही. म्हशीचं कारण सांगून त्या परत आल्या. त्यानंतर "राहायला ये" असं तिकडून कोणी म्हटलं नाही आणि "घेऊन जा" असं इकडून यांनीही म्हटलं नाही.

दातांचं प्रकरण दिवाळीत निघालं. खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी गेल्या होत्या. कवळी केली होती, पण ती हलायची, हिरडी सोलवटायची. म्हणून ती डबीतच पडून असे. पुरणपोळीसुद्धा आई दुधात बुडवून बुडवून खाते आहे, हे दिग्विजयनं पाहिलं आणि त्याला वाईट वाटलं.

"आई, आता हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्के दात लावतात. बारामतीत चांगले डॉक्टर आहेत. मी बघतो सगळं."

"आता ह्या वयात कशाला रं दात?"

"खायला," तो म्हणाला. द्वारकाबाई हसल्या.

पहिल्या वेळी तो स्वतः आला. डॉक्टर समर्थ तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी जबड्याचा एक्स-रे फोटो काढून दाखवला: खालच्या जबड्यात डावीकडे एक, उजवीकडे एक असे टायटॅनियमचे स्क्रू बसवायचे, तीन-चार महिने थांबायचं, तेवढ्या काळात हाड वाढून स्क्रूला घट्ट धरतं, मग वर दात. "सगळं काम हाडाचं आहे, मावशी," ते म्हणाले. "मी फक्त स्क्रू लावणार. धरायचं ते तुमच्या हाडानं." साखर नाही ना, मिसरी लावत नाहीत ना, गोळ्या कुठल्या चालू आहेत, हे विचारून घेतलं. स्क्रू बसवून झाले. दिग्विजयनं आईला घरी सोडलं, रात्र काढली आणि पहाटे ऑफिस गाठायला निघून गेला. डॉक्टरांनी जाताना सांगितलं होतं, काही दिवस मऊच खायचं.

मऊ म्हणजे काय, ते द्वारकाबाईंनी आपल्या सोयीनं ठरवलं. कुकर लावायचा तर एका माणसासाठी मूठभर डाळ, मूठभर तांदूळ. तळाला लागून करपायचं. पीठ मळायला परात काढली की परातच मोठी वाटायची. त्यांचं भाकरी टाकणं काही स्क्रूमुळं सुटलेलं नव्हतं, ते आधीच सुटत सुटत आलं होतं. आता डॉक्टरांचंच निमित्त मिळालं. स्टँडसमोरच्या बेकरीतून क्रीमरोल आणि खारी यायची. सकाळी दुधावरची जाड साय, वर साखर. संध्याकाळी तुपात भिजवल्यासारखा शिरा, एकदा केला की दोन दिवस पुरणारा. सगळं मऊच होतं. चावावं असं त्यात काहीच नव्हतं.

आणि गोळी. दोनेक वर्षांपूर्वी तपासणी शिबिरात त्यांच्या रक्तात चरबी जास्त निघाली होती, तेव्हापासून रात्री एक कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिलेली. काही दिवस त्यांनी ती घेतली. मग डेअरीवर दूध घालायला आलेली भामाबाई म्हणाली, "माझ्या जावंनं तीच गोळी खाल्ली. हाडं पार भुसभुशीत झाली तिची." द्वारकाबाईंनी गोळी बंद केली. हाडात स्क्रू बसल्यावर तर त्यांना ते फारच शहाणपणाचं वाटलं. हाडाला जपायचं होतं ना.

टाके काढायला त्या एकट्याच गेल्या. दवाखान्यात बाकावर त्यांच्याच वयाच्या बायका बसलेल्या, प्रत्येकीबरोबर कोणीतरी. कोणाची लेक पाण्याची बाटली धरून, कोणाची सून फाइल घेऊन. नाव पुकारल्यावर द्वारकाबाई उठल्या आणि आपली पिशवी कुठं ठेवावी हे त्यांना कळेना. ती पोटाशी धरूनच त्या खुर्चीत बसल्या.

"आज एकट्याच?" डॉक्टरांनी सहज विचारलं.

"सून येणार हुती. पर भाकऱ्या टाकायच्या राहिल्या हुत्या तिच्या."

तोंडातून ते आपोआप गेलं. डॉक्टरांनी मान हलवली. "जेवण नीट चाललंय ना?"

"तीच करून घालती. मुगाचं वरन, मऊ भात. शेपू तिला आवडत न्हाय, पर माझ्यासाठी करती."

"आणि गोळ्या?"

"तीच देती हातावर, न विसरता."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर त्यांना खोटं बोलल्याचं वाईट वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. उलट आत कुठंतरी ऊब आल्यासारखं झालं. घरी कोणीतरी भाकऱ्या टाकत आहे आणि आपण उशीर केला तर ते विचारील, असं वाटत राहिलं. घरी पोचल्यावर म्हैस तेवढी ओरडली.

पुढच्या खेपांना त्या सुनेत भर घालत गेल्या. कधी ती रुसली होती, कधी तिनं डोक्याला तेल लावून दिलं होतं. डॉक्टर कौतुकानं ऐकायचे.

मग स्क्रू तपासायचा दिवस आला. उजवीकडचा घट्ट निघाला. डावीकडच्याला डॉक्टरांनी अवजार लावलं आणि तो जागच्या जागी फिरला. द्वारकाबाई कळवळल्या. फोटोत त्या स्क्रूच्या भोवती काळी रेघ दिसत होती.

"इथं हाड आलंच नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांच्याही मनाला ते लागलेलं दिसलं. स्क्रू काढावा लागला. जखम भरल्यावर पुन्हा बसवता येईल, पण आधी कारण शोधायला हवं, असं म्हणून त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. साखर ठीक होती. चरबी मात्र शिबिरात निघाली होती त्याहून पुष्कळ जास्त.

"मावशी, गोळी रोज घेता म्हणता, जेवण साधं म्हणता, मग हे कसं? पुढच्या वेळी सूनबाईंना घेऊन या. जेवण ज्याच्या हातात, त्यालाच सांगितलं पाहिजे."

द्वारकाबाई "व्हय" म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी सोनलला फोन केला. रविवार नव्हता, त्यामुळं सोनल आधी घाबरलीच. "काय झालं आई? बरं आहे ना?"

"बरं हाय की. म्हटलं, तुला एखादा दिवस हिकडं यायला जमंल का? बारामतीला जाऊन येऊ."

"या महिन्यात रजाच नाही हो, आई. छकुलीच्या परीक्षा पण आहेत. काही काम होतं का? मी डॉक्टरांशी फोनवर बोलू का?"

"न्हाय न्हाय. काय काम न्हाय. सहज आपलं."

सर्जेरावांचा ट्रॅक्टर गोकुळ चालवायचा. त्याची बायको अनिता त्यांच्याच रानात भाजी तोडायला असायची; दोघं विहिरीजवळच्या खोलीत राहत. माहेर तिचं इंदापूरकडचं, शेळगावचं. द्वारकाबाईंशी तिचं बोलणं कामापुरतं: ताक मागायला यायची, वाटीभर वांगी ठेवून जायची. बेकरीची पिशवी, सायीची वाटी, शिऱ्याची कढई येता-जाता तिच्या नजरेला पडायची. त्या दिवशी ती ताकाला आली तेव्हा द्वारकाबाईंनी तिला पडवीत बसवलं. बराच वेळ म्हशीचं, पाण्याचं बोलून झालं.

"अनिता, एक काम हुतं. कुणाला सांगू नको."

"सांगा की."

"माझ्याबरोबर दवाखान्यात चल. आन् तितं... तितं माझी सून हाय म्हणून बस."

अनिताला आधी समजलंच नाही. समजल्यावर ती हसली नाही. "खरी सून?" तिनं विचारलं.

"तिला रजा न्हाय."

"मग तसं सांगा ना डॉक्टरला."

"तेला मी लई सांगून बसलेय, पोरी," द्वारकाबाई म्हणाल्या आणि पदराच्या टोकाशी चाळा करू लागल्या. "ती काय काय करती ते समदं सांगून बसलेय."

अनिता उठली. ताकाचा तांब्या घेऊन दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "खाडा पडल. उद्या न्हाय, परवा जाऊ."

सोनलसाठी घेऊन ठेवलेली आणि सोनलनं "पुढच्या वेळी नेते" म्हणून ठेवून दिलेली एक साडी होती. ती अनिता नेसली. एसटीत दोघी शेजारी बसल्या. मोरगावकडून आलेली गाडी भरलेली होती, तरी द्वारकाबाई हळू आवाजात शिकवत होत्या.

"मला आई म्हण. ती आई म्हणती."

"माझ्या तोंडात न्हाय बसणार. आमच्यात सासूला आत्या म्हणत्यात."

"मग आत्या म्हण. डॉक्टरला काय कळतंय."

दवाखान्यात डॉक्टरांनी अनिताला समोर बसवलं आणि फोटो दाखवले. ती पुढं वाकून बघत होती. घरात काय काय खाल्लं जातं, असं त्यांनी विचारलं. द्वारकाबाईंनी तिला वरण-भात पढवला होता. पण अनिता सरळ म्हणाली, "क्रीमरोल खात्यात. साय खात्यात. तुपाचा शिरा. भाकरी न्हाय."

"आणि गोळी?"

अनितानं द्वारकाबाईंकडे बघितलं. त्या भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत होत्या.

"मला भामाबाई म्हणली, गोळीनं हाडं जात्यात," शेवटी त्याच बोलल्या.

डॉक्टर मागं टेकले. मग त्यांनी सावकाश सांगितलं. नुसत्या तुपा-सायीचं खाणं दिलेल्या उंदरांवर प्रयोग झालेत. त्यांच्या हाडात स्क्रू बसवला तर भोवती हाड कमी आणि उशिरा येतं, असं दिसलं. त्याच उंदरांना चरबी कमी करायची गोळी दिली तेव्हा काही प्रयोगांत हाड बरं धरलं. "म्हणजे तुमच्या भामाबाई म्हणतात त्याच्या उलटच. पण मी तुम्हाला खोटं आश्वासन देणार नाही. माणसांत तसंच होतं का, हे अजून कोणी खात्रीनं सांगू शकत नाही. तुमचा स्क्रू त्यामुळंच सुटला असंही मी म्हणणार नाही. पण गोळी हृदयासाठी लिहिलेली आहे, ती आपल्या मनानं सोडायची नाही. गोळीनं पाय-बिय दुखले तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं. आणि हाडाला नुसती चरबी देऊन चालत नाही. डाळी, मटकी, पालेभाजी, ताक, अंड्याचं चालत असेल तर अंडं."

"चालतं," अनिता म्हणाली.

मग डॉक्टर तिच्याकडे वळले आणि त्यांचा आवाज जरा चढला. "ताई, राग मानू नका. पण तुम्ही घरात असताना यांना बेकरीचं खावं लागतं? गोळी घेतात की नाही, एवढंही बघणं होत नाही? ह्या तर तुमचं किती कौतुक करतात इथं."

अनिताच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. द्वारकाबाईंनी पिशवी पोटाशी ओढून धरली.

"चुकलं माझं," अनिता खाली बघत म्हणाली. "हितनं पुढं बघती मी."

बाहेर येऊन दोघींनी रस्ता ओलांडला. स्टँडवर बाकावर बसल्यावर द्वारकाबाईंना रडू आलं. "तुला उगंच बोलणं बसलं गं. काय संबंध न्हाय तुझा."

"असूंद्या," अनिता म्हणाली. "मला सासूच न्हाय. गोकुळ ल्हान असतानाच गेल्या त्या. कुणी बोललंच न्हाय मला कधी." आणि थोड्या वेळानं: "ती सगळी सून तुमी मनानंच केली का हो, आत्या?"

"व्हय."

"चांगली केली."

त्यानंतर अनिता संध्याकाळी रानातून येताना पडवीत डोकवायला लागली. पहिल्या दिवशी ती आपल्या घरची ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ घेऊन आली आणि द्वारकाबाई खाईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिली. "गोळी?" म्हणाली. द्वारकाबाईंनी ती तिच्यासमोर घेतली. दुसऱ्या दिवशी परात बाहेर निघाली. दोन भाकऱ्या टाकायच्या तर पीठ मळायला कंटाळा येत नाही, असं द्वारकाबाईंच्या लक्षात आलं. भाकरी वरणात कुस्करायची, शेपू मऊ शिजवायचा, साय नुसती न खाता सगळी विरजणाला लावायची, ताक प्यायचं. अनिता जेवायला थांबायची नाही, गोकुळ वाट बघत असायचा. पण तिच्यासाठी फडक्यात बांधून ठेवलेलं ती घेऊन जायची. "आत्या" मात्र तिच्या तोंडात राहिलं.

रक्तातली चरबी उतरली. जखम भरल्यावर डॉक्टरांनी डावीकडचा स्क्रू पुन्हा बसवला. त्या दिवशीही अनिता बरोबर होती, फाइल तिच्या हातात होती. दिग्विजयनं दातांचं विचारलं की द्वारकाबाई "हाड भरतंय अजून" एवढंच सांगायच्या.

ऊसतोड चालू झाली त्या सुमाराला गोकुळ सांगायला आला. शेळगावला अनिताचे वडील थकले होते. पेरूची बाग बघायला कोणी नव्हतं. ते दोघं तिकडं राहायला चालले होते. द्वारकाबाई म्हणाल्या, "चांगलं झालं. आपलं ते आपलं." अनिता निघताना साडी परत द्यायला आली, धुऊन, घडी घालून.

"राहूंदे तुला."

"सुनेची हाय ती."

"राहूंदे म्हणते ना."

अनितानं साडी पिशवीत ठेवली. वाकून पाया पडली. "गोळी विसरू नका," म्हणाली. टेम्पो ओढा उतरून गेला तरी द्वारकाबाई पडवीत उभ्याच होत्या. मग म्हशीची वेळ झाली.

पहिले काही दिवस अनिताचा फोन रोज यायचा, मग चार-आठ दिवसांनी. तिथं तिला बागेचं काम होतं, वडिलांचं दुखणं होतं. त्यात काही चूक नव्हतं. द्वारकाबाई भाकरी टाकत राहिल्या. पहिले काही दिवस दोन पडायच्या, मग हात एकीवर आला. ताटात वाढून घेतलं की समोरचा उंबरा मोकळा दिसायचा. एकदा बेकरीसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग नुसतीच पाव किलो मटकी घेऊन घरी आल्या.

तपासणीला त्या एकट्या गेल्या.

"सूनबाई कुठं आज?" डॉक्टरांनी विचारलं.

उत्तर तयार होतं. भाकऱ्या, माहेर, काहीही चाललं असतं. द्वारकाबाईंनी पिशवी मांडीवर ठेवली.

"ती सून न्हवती, डॉक्टर. सून पुण्याला असती. मी एकटीच राहती. ती सर्जेरावांच्या ट्रॅक्टरवाल्याची बायको. ती पण गेली आता."

डॉक्टरांच्या हातातला आरसा तसाच राहिला. "म्हणजे मी त्या दिवशी रागावलो ते..."

"तिनं ऐकून घेतलं."

त्यांनी आरसा खाली ठेवला. मग खुर्ची ओढून जवळ आले. "मावशी, मला आधी सांगायचं होतंत. एकट्या माणसानं काय करून खावं, ते मी वेगळं सांगितलं असतं."

"एकटी हाय म्हणून सांगायला कोण दवाखान्यात येतंय? लोक दात दाखवाया येत्यात."

डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला. त्यांनी तोंड उघडायला सांगितलं, स्क्रूला अवजार लावलं. तो हलला नाही. पुन्हा जोर देऊन बघितला. फोटो काढला, काळी रेघ नव्हती, स्क्रूच्या आट्यांपर्यंत हाड भिडलेलं होतं.

"धरलं," ते म्हणाले. "गोळीनं, भाकरीनं, की या वेळी नशिबानं, ते मला विचारू नका. पण धरलंय घट्ट."

"तिला कळवलं पायजे," द्वारकाबाई म्हणाल्या.

शेळगावला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. अनिता बागेत असणार.

रविवारी त्यांनी दिग्विजयला सगळं सांगितलं: स्क्रू सुटल्याचं, गोळी सोडल्याचं. अनिताचं सांगितलं नाही. "मला तेव्हाच का नाही कळवलंस?" तो म्हणाला.

"तू काय केलं असतंस रं?"

दात बसवायच्या दिवशी मात्र तो रजा काढून आला, छकुलीलाही घेऊन आला. डॉक्टरांनी दात बसवले, आरसा हातात दिला. छकुलीनं आजीचं तोंड पुन्हा पुन्हा उघडायला लावून फोटो काढले. बारामतीत हॉटेलात जेवण झालं. दिग्विजयनं आईला घरी सोडलं, फाटकाची कडी दुरुस्त केली, डाळिंबं ठेवली. ऊन उतरायच्या आत ते निघाले, पुण्यात शिरताना गर्दी लागते म्हणून.

गाडीचा आवाज गेल्यावर द्वारकाबाईंनी धार काढली, दूध घातलं. मग तवा ठेवला. एक भाकरी टाकली, कडक भाजू दिली. बरोबर कांदा फोडला, शेंगदाण्याची चटणी घेतली. पहिला घास डाव्या दाढेखाली आला आणि कुरकुर वाजला. त्या थांबल्या. घरात तेवढाच एक आवाज होता. इतका मोठा, की कोणीतरी दारात उभं असतं तर त्याला ऐकू गेला असता. त्यांनी दुसरा घास घेतला आणि सावकाश, दोन्ही बाजूंनी चावत, ती भाकरी संपवली.